पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात विश्वसनीय संदर्भ कसे शोधावेत आणि कसे पारखावेत

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक साधे वाक्य होते: २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राचा साक्षरता दर ८२.९१ टक्के आहे. वाक्याखाली तळटीप होती आणि तळटीपेत एका संशोधन नियतकालिकातील लेखाचा पूर्ण तपशील होता, त्यामुळे ही जागा पक्की आहे अशी माझी समजूत होती. प्री-सबमिशनच्या, म्हणजे प्रबंध दाखल करण्यापूर्वीच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी नेमक्या याच वाक्यावर बोट ठेवून विचारले, "या लेखकाने हा आकडा कुठून घेतला?" मला सांगता आले नाही. घरी येऊन माग काढला, तेव्हा त्या लेखाने तो एका प्रबंधातून, प्रबंधाने तो स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकातून घेतल्याचे दिसले आणि पुस्तकात स्रोत दिलेलाच नव्हता. आकडा कोणी रचलेला नव्हता, हे खरे. ३१ मार्च २०११ रोजी जनगणनेची जी तात्पुरती आकडेवारी जाहीर झाली, तिच्यात तो होता. परंतु पुढे अंतिम आकडेवारी आली आणि तिच्यात हा दर ८२.३४ टक्के आहे. संपूर्ण देशाचा दरही असाच ७४.०४ वरून ७२.९९ वर आला. मधल्या काळात कोणीही मूळ तक्ता उघडला नव्हता आणि त्या साखळीतला शेवटचा मी होतो.

नुकतेच पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी केलेल्या, विशेषतः तालुक्याच्या गावी नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी मी हे लिहीत आहे. माझा विषय शिक्षणशास्त्राचा, ग्रामीण भागातील मुलींच्या शालेय गळतीचा होता, म्हणून उदाहरणे त्याच क्षेत्रातील आहेत. सामाजिक शास्त्रे आणि भाषा या विषयांना ती बहुतांशी लागू पडतील. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी मात्र आपल्या विभागातील ज्येष्ठांना विचारूनच पुढे जावे.

१. सुरुवातीला हाताशी काय असावे

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे चालू वर्षाचे ओळखपत्र, ग्रंथालयाकडून मिळणारे ई-साधनांचे लॉगिन, संस्थेचा ई-मेल पत्ता असल्यास तो, नोंदणीचे पत्र आणि मार्गदर्शकांच्या सहीचे शिफारसपत्र एवढी कागदपत्रे जवळ ठेवावीत. शिफारसपत्राच्या चार-पाच प्रती आधीच सही करून घ्याव्यात, कारण पुराभिलेखागार किंवा जुनी खासगी ग्रंथालये ते मागतात आणि मार्गदर्शक नेमके त्याच आठवड्यात परीक्षेच्या कामावर गेलेले असतात. संगणकावर झोटेरो हे संदर्भ-व्यवस्थापनाचे मोफत सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी बसवावे. मी ते तिसऱ्या वर्षी बसवले आणि जुने चारशेच्या आसपास संदर्भ हाताने भरण्यात एक अख्खी उन्हाळी सुट्टी घालवली.

२. कोणत्या प्रश्नाला कोणते साधन, हे आधी ठरवावे

विश्वसनीय साधन म्हणजे काय, याचे एकच उत्तर नाही. एखादे साधन एका प्रश्नासाठी उत्तम आणि दुसऱ्यासाठी निरुपयोगी असते. शाळेत किती मुली दाखल आहेत, हे यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदप्रणालीवरून कळते, कारण ती माहिती शाळांनीच भरलेली असते. पण जी मुलगी कधी दाखलच झाली नाही, ती त्या नोंदीत येणारच नाही. तिच्यासाठी घरोघरी जाऊन केलेले सर्वेक्षण पाहावे लागते. 'प्रथम' संस्थेचा २००५ पासून सुरू झालेला 'असर' हा अहवाल तसा आहे. मात्र तो ग्रामीण भागापुरता असतो, त्यामुळे त्याच्या आधाराने पुणे शहराविषयी विधान करता येत नाही. मुलीचे लग्नाचे वय किंवा आईचे शिक्षण यांविषयी लिहायचे असेल, तर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे वळावे लागते. त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली.

ही तिन्ही साधने विश्वसनीय आहेत आणि तरीही त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाने वेगळा प्रश्न वेगळ्या लोकांना विचारलेला आहे. संदर्भ शोधायला बसण्यापूर्वी वहीत संशोधन-प्रश्न लिहून त्याच्यासमोर "हे कोणाला माहीत असू शकेल?" या प्रश्नाचे उत्तर लिहावे. ही सवय मला कोर्सवर्कमध्ये कोणी लावली नाही, पण पुढचा निम्मा गोंधळ तिनेच टळला असता.

३. कुठे शोधावे

पहिला थांबा शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या या भांडारात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध पूर्ण स्वरूपात मोफत वाचता येतात, आणि चालू संशोधनाचे आराखडे शोधगंगोत्रीवर असतात. आपल्या विषयावर आधी काय झाले आहे, हे पाहायला याहून चांगली जागा नाही. परंतु प्रबंध मान्य झाला याचा अर्थ त्यातील प्रत्येक आकडा तपासला गेला, असा होत नाही. माझी कथा वर सांगितलीच आहे. प्रबंधाचा उपयोग मुख्यतः त्याच्या संदर्भसूचीसाठी करावा. पाच प्रबंधांच्या सूच्या शेजारी ठेवल्या की कोणते लेख सर्वांनी वाचले आहेत, हे दिसू लागते. ते लेख मात्र स्वतः मिळवून वाचावेत.

दुसरा थांबा गूगल स्कॉलर. एखादा चांगला लेख सापडला की त्याच्याखालील 'सायटेड बाय' या दुव्यावर जावे, म्हणजे त्यानंतर त्या लेखाचा आधार कोणी घेतला, त्याला कोणी आव्हान दिले, हे समजते. संदर्भसूची आपल्याला मागे नेते आणि हा दुवा पुढे नेतो. एक लक्षात ठेवावे की गूगल स्कॉलर हा शोधक आहे, तो निवड करत नाही. तिथे नामांकित नियतकालिकाशेजारी पैसे घेऊन काहीही छापणारे नियतकालिकही सुखाने नांदत असते.

लेख पैशांच्या कुलपात असेल, तर लगेच हताश होऊ नये. केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेला मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि जानेवारी २०२५ पासून तिच्याद्वारे तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार ई-नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली झाली. तुमचे महाविद्यालय खासगी अनुदानित असेल, तर ते या योजनेत आहे की नाही, हे ग्रंथपालांना विचारावे. नसेल, तर महाविद्यालयांसाठी असलेली एन-लिस्ट ही ई-साधनांची सेवा घेतली आहे का, तेही विचारावे. कित्येक महाविद्यालये तिची वर्गणी भरतात आणि प्राध्यापकांना मात्र त्याचा पत्ता नसतो. दोन्ही नसल्यास लेखकाला नम्रपणे ई-मेल करावा. मी असे अनेकांना लिहिले आहे आणि बहुतेकांनी एक-दोन दिवसांत लेख पाठवला आहे.

छापील साधनांसाठी पुणे आणि मुंबई येथे निदान एकेक आठवडा राखून ठेवावा. अर्थशास्त्र व समाजशास्त्रासाठी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, जुन्या मराठी पुस्तकांसाठी १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, इतिहासासाठी भारत इतिहास संशोधक मंडळ, शासकीय दप्तरांसाठी मुंबईचे पुराभिलेखागार. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळा व सुट्ट्या विचाराव्यात.

४. मराठीतून शोधताना येणाऱ्या अडचणी

इंग्रजीतील मार्गदर्शकांत हा भाग नसतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. शोधगंगेवरील पुष्कळ मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत टाइप केलेले आहेत. डोळ्यांना ते नीट दिसतात, पण त्यांतील वाक्य कॉपी करून पाहिले तर चित्रविचित्र चिन्हे येतात. अशा फाइलमध्ये 'गळती' हा शब्द शोधला तर 'सापडला नाही' असे उत्तर मिळते आणि नवखा संशोधक प्रबंधात तो शब्दच नाही असे समजतो. तेथे अनुक्रमणिका पाहून पाने उलटण्याला पर्याय नाही.

दुसरी अडचण लेखनाची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात अनुस्वार मुक्तहस्ते दिलेले असतात, म्हणून 'मुलींचे शिक्षण' याबरोबर 'मुलींचें शिक्षण' असेही शोधावे. शिवाय जुना शब्द वेगळा असू शकतो: एकोणिसाव्या शतकातील साहित्यात 'स्त्रीशिक्षण' भरपूर सापडेल, 'बालिका शिक्षण' सापडणार नाही. रोमन लिपीतील सूचींत पुण्यासाठी 'पूना' आणि मुंबईसाठी 'बॉम्बे' हे शब्द वापरून पुन्हा शोध घ्यावा.

५. नियतकालिक पारखणे

बहुतेकांची फसगत येथेच होते, कारण आपण नियतकालिक न वाचता त्याच्यावरील शिक्के वाचतो. व्हॉट्सॲप गटावर आलेली ती जाहिरात तुम्हीही पाहिली असेल: आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, पीअर रिव्ह्यूड (तज्ज्ञांनी परीक्षण केलेले), आयएसएसएनसह, इम्पॅक्ट फॅक्टर सात-पॉइंट-काहीतरी, लेख पाठवण्याची अंतिम तारीख परवा, स्वीकृती चोवीस तासांत, प्रमाणपत्र मोफत. मी अशाच एका नियतकालिकाला नोंदणीनंतर सहा महिन्यांनी पैसे भरले होते. लेख जसाच्या तसा छापून आला, त्यातल्या टंकलेखनाच्या चुकांसह. कोणी तो वाचल्याची एकमेव खूण म्हणजे माझ्या नावाआधी नसलेली 'डॉ.' ही उपाधी त्यांनी लावली होती.

एकेक शिक्का सुटा करून पाहू. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवतो, त्याची गुणवत्ता सांगत नाही. गाडीला नंबर प्लेट आहे म्हणून तिचे ब्रेक चालतात असे कोणी धरत नाही. परिषदांच्या संकलनावर असणाऱ्या आयएसबीएनचेही तसेच आहे. तो आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्यासाठी पुस्तकातला मजकूर कोणी तपासत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर ही संज्ञा नियतकालिकातील लेख सरासरी किती वेळा उद्धृत झाले हे सांगणाऱ्या, क्लॅरिव्हेट या कंपनीच्या वार्षिक अहवालातील आकड्यासाठी वापरली जाते. तिच्याशी मिळतीजुळती नावे लावून भलतेच आकडे विकणारे अनेक आहेत, म्हणून आकड्यापेक्षा तो कोणी दिला हे पाहावे.

'यूजीसी मान्यताप्राप्त' हा शिक्का तर आता कालबाह्यच झाला आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये नियतकालिकांची यादी काढली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळली. त्यानंतर केअर ही नवी यादी आली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक निवडण्याचे सुचवलेले निकष देऊन निर्णय संस्थांवर व संशोधकांवर सोपवला. त्यामुळे आज कोणी 'यूजीसी केअर लिस्टेड' म्हणून लेख मागत असेल, तर त्याने संकेतस्थळ तरी अद्ययावत केलेले नाही किंवा तुम्हाला ते माहीत नसेल असे गृहीत धरले आहे. आणखी एक: २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरील सक्ती काढून टाकली आहे. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे, ते लेखी पाहावे. ऐकीव सक्तीपोटी पैसे भरणारे मी पाहिले आहेत.

मग पारखायचे कसे? नियतकालिकाचे मागील तीन अंक उघडून अनुक्रमणिका वाचाव्यात. एकाच अंकात द्राक्षबागेवरील कीड, कबीराचे दोहे, जीएसटी आणि योगासने असतील, तर हे सर्व तपासू शकेल असे संपादक मंडळ असूच शकत नाही. संपादक मंडळातील दोन-तीन नावे घेऊन त्यांच्या विद्यापीठांच्या पानांवर जावे आणि तिथे या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. परीक्षणाला किती काळ लागतो, हे लेखांवरील 'प्राप्त' व 'स्वीकृत' या तारखांवरून समजते. खुल्या प्रवेशाचे, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणारे नियतकालिक असेल, तर ते डीओएजे या निर्देशिकेत आहे का, ते शोधावे. शुल्क घेतले जाते एवढ्यावरून मात्र कोणालाही बाद ठरवू नये, कारण खुल्या प्रवेशाची चांगली नियतकालिकेही शुल्क घेतात. ती ते उघडपणे सांगतात आणि लेख नाकारतातही. शेवटची खबरदारी म्हणजे पत्त्याची. नामांकित नियतकालिकाच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळे काढली जातात, म्हणून दुवा जाहिरातीतून न घेता आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवरील नोंदीशी ताडून पाहावा.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असे समजू नये. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन यांनी 'सायन्स' साप्ताहिकासाठी मुद्दाम ढोबळ चुका असलेला एक बनावट शोधनिबंध खुल्या प्रवेशाच्या ३०४ नियतकालिकांना पाठवला आणि त्यांपैकी १५७ जणांनी तो स्वीकारला.

याची उलट बाजूही मराठीत काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवली पाहिजे. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे 'नवभारत' किंवा 'समाज प्रबोधन पत्रिका' यांसारख्या नियतकालिकांचे जुने अंक चाळले, तर त्यांवर डीओआय हा लेखाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक नाही, इम्पॅक्ट फॅक्टर नाही, कसलाही चकचकीत शिक्का नाही. तरीही त्यांतील लेख मराठी वैचारिक चर्चेचा कणा आहेत. शिक्का असला की विश्वास आणि नसला की अविश्वास, असे करणारा संशोधक दोन्हीकडून फसतो.

६. लेख आतून तपासणे

नियतकालिक चांगले असले तरी लेख सरसकट स्वीकारू नये. प्रथम पद्धतीचा भाग वाचावा: नमुना किती, कुठला, कसा निवडला. एका तालुक्यातील साठ विद्यार्थिनींवरून 'महाराष्ट्रातील मुली' असा निष्कर्ष काढलेला असेल, तर तो लेख त्या साठ जणींपुरताच उद्धृत करावा. नंतर लेखातील दोन संदर्भ उचलून मूळ ठिकाणी पडताळावेत. दोन्ही जुळले तर लेखक काळजीपूर्वक काम करणारा आहे असे मानायला हरकत नाही, आणि दोन्ही चुकले तर लेख बाजूला ठेवावा. पैसा कोणी दिला, याची नोंद लेखाच्या शेवटी असते, तीही पाहावी.

लेख नंतर मागे घेतला गेला आहे का, हे पाहायला बहुतेकजण विसरतात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात आला, तो अवघ्या बारा मुलांवर आधारलेला होता आणि तो मागे घ्यायला २०१० साल उजाडले. आता 'रिट्रॅक्शन वॉच'ची मागे घेतलेल्या लेखांची सूची क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेने मोफत खुली केली आहे आणि झोटेरो असा लेख तुमच्या संग्रहात असल्यास इशारा देते.

७. आकडा आणि शासन निर्णय यांचा उगम गाठणे

कोणताही आकडा वापरताना चार गोष्टी विचाराव्यात: तो कोणी मोजला, कधी मोजला, तात्पुरता की अंतिम, आणि कशाच्या प्रमाणात. साक्षरता दर सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येच्या प्रमाणात काढतात. एकूण लोकसंख्येने भागून निघालेला आकडा वेगळा येतो आणि दोन्ही आकडे 'साक्षरता' या एकाच नावाने फिरत असतात. यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून शाळेच्या एकत्रित आकड्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतली जाऊ लागली, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांशी थेट तुलना करून 'पटसंख्या घटली' असे लिहिणे धोक्याचे आहे.

शासन निर्णयाची फिरत आलेली पीडीएफ वापरू नये. निर्णयाच्या शेवटी त्याचा संकेतांक दिलेला असतो. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उतरवून घ्यावी आणि तो निर्णय नंतर अधिक्रमित झाला आहे का, तेही पाहावे.

ऐतिहासिक साधनांत हाच नियम आवृत्तीला लागतो. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन कोणत्या तरी व्याख्यानातून उद्धृत करण्याऐवजी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केलेल्या समग्र वाङ्मयातून घ्यावे आणि आवृत्ती नोंदवावी, कारण पृष्ठांक आवृत्तीनुसार बदलतात.

८. यंत्राने दिलेले संदर्भ

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवादी साधनांना संदर्भ मागितले, तर ती लेखक, वर्ष, खंड, पृष्ठांक यांसह अत्यंत सुबक नोंदी देतात आणि त्यांपैकी काही लेख जगात कुठेच नसतात. डीओआय दिलेला असेल, तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकावा; १० पासून सुरू होणारा तो क्रमांक खोटा असेल तर पान उघडत नाही, किंवा भलताच लेख उघडतो. लेख स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सूचीत घेऊ नये.

९. नोंद कशी ठेवावी

प्रत्येक साधनासाठी झोटेरोत तीन ओळींची टीप लिहावी: यातून मी काय घेतले, कोणत्या पानावरून, आणि मूळ पाहिले की दुसऱ्याच्या लेखात वाचले. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीख लिहून पानाची प्रत जतन करावी, कारण शासकीय दुवे वारंवार बदलतात. दुसऱ्याचे शब्द घेतले असतील तर त्याच क्षणी अवतरणचिन्हे घालावीत. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर वाक्य आपले की परके, हे आठवत नाही, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांहून अधिक साम्य आढळले की कारवाई सुरू होते.

मूळ साधन प्रयत्न करूनही मिळाले नाही, तर ते वाचल्याचा आव न आणता 'अमुक लेखात उद्धृत' असे स्पष्ट लिहावे. माझ्या प्रबंधात अशा अकरा जागा आहेत. तोंडी परीक्षेत त्यांतील दोन जागांविषयी विचारणा झाली. मूळ प्रत कुठे शोधली आणि ती का मिळाली नाही, हे मी टिपेवरून वाचून दाखवले, तेव्हा परीक्षकांनी पान उलटले.